दारू सोडण्याच्या मीटिंगला गेलो, तर शाळेला कुलूप होतं. आता काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी नोकरी. नऊ-दहा वर्षांपासून रोज संध्याकाळी एक क्वार्टर, सुट्टीच्या दिवशी जास्त. नेटवर ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगचा पत्ता शोधून एका गुरुवारी साताऱ्याला गेलात. पत्त्यावरच्या शाळेला कुलूप होतं. पंधरा मिनिटं थांबलात आणि परतताना स्टँडजवळच्या बारमध्ये बसलात. आता विचारताय की या मीटिंग खरंच चालू असतात का, ओळखीचं कुणी भेटलं तर काय, देव मानत नसेल तर तिथे बसता येतं का, आणि पहिल्याच दिवशी बोलावं लागतं का. समुपदेशनाच्या कामात हे चारही प्रश्न रोज येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कुलपाबद्दल. हे फार नेहमीचं आहे. ए.ए.चा समूह म्हणजे कार्यालय नव्हे. त्याला पगारी माणूस नसतो, बहुधा स्वतःची जागाही नसते. नगरपालिकेची शाळा, चर्चचा हॉल, एखाद्या ट्रस्टच्या दवाखान्यातली खोली अशा ठिकाणी ठरलेल्या वारी तास-दीड तासापुरती जागा मिळते. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, शाळेत परीक्षा आल्या, मतदान केंद्र पडलं, की जागा हलते. ती कुठे हलली हे सदस्यांना तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर कळतं. नेटवरच्या यादीत बदल चढायला वेळ लागतो. कधी समूहच बंद पडलेला असतो आणि यादीत नाव मात्र राहून जातं. तेव्हा यादीतल्या पत्त्यावर विसंबायचं नाही, यादीतल्या फोन नंबरवर विसंबायचं. तुम्ही पत्त्यापर्यंत पोचलात, माणसापर्यंत पोचला नाहीत. त्या संध्याकाळी एवढंच कमी पडलं.

फोनवर एवढा भर देण्याला जुनं कारण आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा माणूस ओहायोतल्या ॲक्रन गावी कामानिमित्त गेला होता. काम फसलं, हॉटेलात एकटाच होता, समोर बार. दारू सोडून काही महिनेच झाले होते. त्याने तिथूनच चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली: मला दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्या माणसाशी बोलायचंय, कुणी आहे का? त्या फोनांतून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून ए.ए. उभी राहिली. भारतात ती १९५७ पासून आहे. पिणाऱ्याचं मन दुसरा पिणाराच ओळखतो, आणि दुसऱ्याला मदत करताना स्वतःचीही दारू सुटलेली राहते, हा तिचा गाभा. म्हणजे तुम्ही रात्री आठ वाजता एखाद्या अनोळखी सदस्याला फोन केलात, तर त्याला त्रास दिला असं होत नाही. त्याच्या दृष्टीने तो फोन त्याच्याच औषधाचा भाग असतो.

मात्र फोनच्याही आधी एक गोष्ट तपासा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, घाम फुटतो का, मळमळतं का, आणि थोडी घेतल्यावर हे थांबतं का? पूर्वी दारू अचानक बंद केल्यावर कधी फिट आली होती का, भास झाले होते का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर आधी डॉक्टर आणि मग मीटिंग. क्वार्टर म्हणजे १८० मिली; ४२.८ टक्के तीव्रतेच्या दारूत तेवढ्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. वर्षानुवर्षं रोज तेवढं घेणाऱ्या शरीराने दारूशी जुळवून घेतलेलं असतं. ती एकदम थांबली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, छातीत धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत. भ्रम, भास, ताप, माणूस ओळखू न येणं ही सगळ्यांत गंभीर अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते, आणि तीत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. सगळ्यांना असं होत नाही. एका क्वार्टरवर काहींना फक्त दोन-तीन रात्री झोप येत नाही, काहींना मात्र भरती व्हावं लागतं. ते किती वर्षं पिता, यकृताची स्थिती काय, आधी असा त्रास झालाय का, यावर ठरतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ओपीडीच्या वेळेत जा आणि प्रमाण खरं सांगा. पेशंट बहुतेकदा निम्मं सांगतात आणि मग औषधाचा डोस अपुरा पडतो. डॉक्टर काही दिवसांसाठी उतरत्या प्रमाणात गोळ्या देतील, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतील. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका. दारूबरोबर त्या गोळ्या श्वास मंदावतात.

मीटिंग हा या उपचाराला पर्याय नाही. शरीरातून दारू उतरल्यानंतरची जी लांबलचक संध्याकाळ उरते, तिच्यासाठी मीटिंग असते.

आता माणूस शोधायचा कसा. पहिला मार्ग ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळाचा: त्यावर राज्यवार संपर्क आहेत. साताऱ्याचा नंबर लागत नसेल तर पुण्याचा किंवा मुंबईचा लावा. तिथल्या सदस्याला तुमच्या भागात कोण आहे ते ठाऊक असतं, नसेल तर तो विचारून सांगतो. दुसरा मार्ग जिल्हा रुग्णालयाचाच: मानसोपचार विभागातल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा, जवळपासच्या समूहाची माहिती त्यांच्याकडे असू शकते. तिसरा मार्ग व्यसनमुक्ती केंद्रांचा. पुण्याचं मुक्तांगण, जे १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, तिथून उपचार घेऊन गेलेल्यांसाठी वेगवेगळ्या गावी पाठपुराव्याच्या बैठका होतात. तुम्ही तिथे भरती झालेले नसलात तरी आपल्या जिल्ह्यात अशी बैठक कुठे आणि तुम्हाला येता येईल का, हे फोन करून विचारायला काहीच हरकत नाही. चौथा मार्ग सरकारी हेल्पलाइनचा: व्यसनासाठी १४४४६, आणि मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६. टेली-मानस चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

फोन संध्याकाळी करा. नंबर ज्याचा असतो तो दिवसा नोकरीवर किंवा दुकानात असतो, आणि चारचौघांत त्याला बोलता येत नाही. नुसता मेसेज टाकून उत्तराची वाट पाहू नका. एवढं बोललात तरी पुरे: “नमस्कार, मला दारूचा त्रास आहे, मीटिंगला यायचंय. या आठवड्यात मीटिंग आहे का?” नाव सांगायची गरज नाही. मग चार गोष्टी विचारून घ्या. जागा नक्की तीच आहे का आणि आत जायचं कुठल्या गेटने. वेळ काय. मीटिंग खुली आहे की बंद. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: “गेटवर कुणी भेटेल का?” खुल्या मीटिंगला कुणीही बसू शकतं, घरचे, विद्यार्थी, डॉक्टर. बंद मीटिंग फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी. तुम्ही दोन्हीकडे चालता.

गेटवर कुणी भेटेल का, हा प्रश्न सोडू नका. शाळेच्या गेटबाहेर मोठा फलक नसतो. आत कुठेतरी एका वर्गात दिवा असतो, दारावर फार तर ‘ए.ए.’ एवढी दोन अक्षरं. नवा माणूस रस्त्याच्या पलीकडे उभा राहून ते दार बघतो, मोबाइल काढतो, कुणाला तरी फोन आल्यासारखं करतो, आणि निघून जातो. बरेच जण गळतात ते या दहा पावलांत. गेटवर स्कूटर लावून कुणी तुमची वाट बघत असेल, तर ती दहा पावलं सोपी होतात.

येण्याजाण्याचा हिशेबही आधी करून ठेवा. मीटिंग बहुधा सात-साडेसातला सुरू होऊन साडेआठ-नऊला संपते. तुमच्या गावची शेवटची एसटी किती वाजता आहे ते बघा, कारण चुकलेली एसटी आणि स्टँडवरचा एक रिकामा तास यांचा शेवट कुठे होतो हे तुम्ही अनुभवलंय. तेव्हा जाताना काहीतरी खाऊन निघा, परतीसाठी सोबत विचारा. खिशात भाड्यापुरते आणि थोडे वर एवढेच पैसे ठेवा आणि फोनमधलं पैसे भरण्याचं ॲप त्या दिवसापुरतं काढून टाका. हा उपाय बालिश वाटेल, पण तलफ आली की ती बहुधा पंधरा-वीस मिनिटं जोरात असते आणि मग ओसरते. ती वीस मिनिटं दुकान आणि तुम्ही यांच्यामध्ये जेवढे अडथळे, तेवढं बरं. मीटिंगची वेळही यामुळेच कामाची आहे: ती नेमकी पिण्याच्या वेळेवर पडते.

आत काय होतं ते सांगतो, म्हणजे धास्ती कमी होईल. पिशवीतून एक कापडी फलक निघतो, फळ्यावरच्या खिळ्यांना अडकवला जातो. त्यावर बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून दूर राहण्याचा ए.ए.चा टप्प्याटप्प्याचा मार्ग, लिहिलेल्या असतात. आठ-दहा माणसं, कधी तीन, कधी तीस. त्या दिवशीचा सूत्रसंचालक सुरुवात करतो, एक छोटी प्रार्थना होते, ए.ए. म्हणजे काय याचा एक उतारा वाचला जातो. मग एकेक जण नाव सांगून बोलतो. “माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक.” बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. पाच-सात मिनिटं तो स्वतःबद्दल बोलतो: कसा पीत होतो, काय झालं, आता कसं चाललंय. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. मध्येच एक पिशवी फिरते. त्यात सदस्य दहा-वीस रुपये टाकतात, कारण समूह बाहेरून देणगी घेत नाही, भाडं आणि चहा त्यातूनच निघतो. नव्या माणसाने काही टाकावं अशी अपेक्षा नसते, पिशवी पुढे द्यायची. फी नाही, अर्ज नाही, नोंदवही नाही. सदस्यत्वाची अट एकच: दारू सोडायची इच्छा.

बोलावं लागतं का? नाही. तुमची पाळी आली की म्हणा, “मी पहिल्यांदाच आलोय, आज फक्त ऐकतो.” ‘मी अल्कोहोलिक’ हे शब्दही तोंडातून निघेपर्यंत काढायचे नाहीत. उलट पहिल्याच दिवशी सगळं आयुष्य ओतून टाकणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. त्या रात्री हलकं वाटतं, दुसऱ्या दिवशी शरम येते, आणि पुढच्या गुरुवारी तो येत नाही.

ओळखीचं कुणी भेटण्याची शक्यता छोट्या जिल्ह्यात खरीच असते. भेटलाच तर तो ज्या कारणासाठी आलाय त्याच कारणासाठी तुम्ही आला आहात, आणि बाहेर बोलला तर तो स्वतःबद्दलही बोलतो. ‘इथलं इथेच राहू द्या’ असं मीटिंगमध्ये दर वेळी सांगितलं जातं आणि बहुतेक जण ते मनापासून पाळतात. पण एक फरक ध्यानात ठेवा. डॉक्टरांवर तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं कायद्याचं बंधन आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ते स्पष्ट आहे. मीटिंगमधल्या सदस्यावर असं बंधन नाही, तिथे विश्वास आणि रिवाज एवढंच आहे. म्हणून कोर्टातली केस, ऑफिसातला पैशाचा घोळ, बायकोच्या खासगी गोष्टी असलं काही खोलीभर लोकांसमोर सांगू नका. ते समुपदेशकाशी किंवा वकिलाशी बोला. धाकधूक फारच असेल तर पहिले काही आठवडे दुसऱ्या जिल्ह्यातल्या समूहाला जा, किंवा मराठीतल्या ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसा. सुरुवातीला ऑनलाइन चालेल. मात्र दोन महिने फक्त पडद्यावरच राहिलात तर रात्री हाक मारायला जवळ माणूस नसतो.

देवाचा प्रश्न. पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, तो लपवण्यात अर्थ नाही, आणि काही समूहांत भक्तीचा सूर बराच असतो. पण मूळ शब्दरचनाच ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी आहे. न मानणारे कित्येक सदस्य ‘आपल्यापेक्षा मोठी शक्ती’ म्हणजे तो समूहच असं धरून चालतात. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तरी कुणी हरकत घेत नाही. एवढं करूनही मन बसत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी नावाची देवधर्माचा आधार न घेणारी पद्धत आहे, तिच्या ऑनलाइन सभा मुख्यतः इंग्रजीत चालतात. आणि नुसतं श्रद्धेवर चालणारं काम असा ए.ए.बद्दल समज असेल तर एवढं सांगतो: २०२० मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, २७ अभ्यासांचा, मिळून १०,५६५ लोकांचा आढावा घेतला. पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत माणसाला ए.ए.शी पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले, बाकी बहुतेक बाबतींत त्यांच्या बरोबरीचे. त्यातला कळीचा शब्द ‘जोडून देणं’ हा आहे. पत्ता लिहून दिला म्हणजे जोडून दिलं असं होत नाही.

एका मीटिंगवरून समूहाची परीक्षा करू नका. एखाद्या दिवशी एकच माणूस अर्धा तास बोलतो, एखाद्या दिवशी तिघेच येतात. निदान सहा वेळा जा, जमलं तर दोन वेगवेगळ्या समूहांना. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग असं ए.ए.त सांगतात, मुंबईत ते जमू शकतं, तालुक्याच्या गावी नाही. तुमच्यासाठी आठवड्याला एक प्रत्यक्ष, दोन ऑनलाइन आणि रोज एक फोन हे जास्त खरं आहे. फोन कुणाला? त्यासाठी मीटिंग संपल्यावर लगेच पळू नका. चहा होतो, खुर्च्या उचलल्या जातात, त्या दहा मिनिटांत दोन-तीन जणांचे नंबर घ्या. ती दहा मिनिटं मला तासभराच्या मीटिंगइतकीच मोलाची वाटतात. चार-सहा आठवड्यांनी स्पॉन्सर निवडा, म्हणजे पायऱ्यांवरून हाताला धरून नेणारा जुना सदस्य. तो पुरुष असावा, निदान वर्षभर दारूपासून दूर असावा, त्याला स्वतःचा स्पॉन्सर असावा, आणि फोन उचलणारा असावा. पुढे कुणी स्त्री हे वाचत असेल तर तिने स्पॉन्सर स्त्रीच घ्यावी, जवळ नसेल तर ऑनलाइन महिला मीटिंगमधून शोधावी.

बिघडतं कुठे? कुणीतरी सांगतं, “मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर, त्याही नशाच.” हे ऐकू नका. सदस्याने डॉक्टर बनू नये असं ए.ए.चं स्वतःचंच सांगणं आहे. कुणी उसने पैसे मागतं: नम्रपणे नाही म्हणा, कारण देणारा आणि घेणारा दोघेही मग मीटिंग टाळू लागतात. आणि स्लिप होते, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा घेतली जाते. पिऊन झाल्यावर लोक शरमेने दोन-दोन महिने येत नाहीत, खरी हानी त्या दोन महिन्यांत होते. स्लिपनंतर पुढची मीटिंग चुकवायची नाही. अगदी घेतलेली असली तरी बहुतेक समूह मागे शांत बसू देतात, फक्त गाडी चालवत जाऊ नका.

पत्नीसाठी वेगळी जागा आहे, ती तुमच्या मीटिंगमध्ये पहारा द्यायला नव्हे. अल-ॲनॉन हे घरच्यांचे समूह १९५१ पासून आहेत, मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. तुम्ही मीटिंगला जा अगर न जा, त्यांनी जायला हरकत नाही. आणि ‘न सांगता जेवणातून द्या’ म्हणून विकली जाणारी पावडर त्यांनी आणली असेल तर ती टाकून द्यायला सांगा. अशा पुडीत काय आहे ते कळत नाही. दारूवर प्रतिक्रिया देणारं औषध त्यात असेल आणि वर तुम्ही प्यालात, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. असं औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं असतं.

तर सोमवारी ओपीडी, त्याच संध्याकाळी फोन, आणि गेटवर कोण उभं राहणार ते ठरलं की गुरुवार. एवढं करूनही पुन्हा कुलूप दिसलं तर तिथे पंधरा मिनिटं थांबायचं नाही. तिथूनच त्या माणसाला फोन लावा, “मी गेटवर आहे” एवढंच म्हणा. तो उचलत नसेल तर दुसऱ्या नंबरला लावा, म्हणून निघताना दोन नंबर हवेत. तेही लागले नाहीत तर १४४४६. स्टँडकडे चालताना कुणाशी तरी बोलत चला, आणि एसटीत बसून ती सुटेपर्यंत फोन ठेवू नका.